शिर सलामत; पगडीचे काय?

फराळाच्या ताटाशी बसलेल्या माणसांपुढे गुदाशयाच्या कर्करोगाचा विषय काढणारा लेखक अडाणी तरी असला पाहिजे, नाहीतर आगाऊ तरी. मी दोन्ही आहे असे समजून वाचकांनी पुढे वाचावे. ज्या विषयाला घरात वर्षभर थारा मिळत नाही, त्याला दिवाळी अंकात तरी मिळावा. कारण या अबोल्यापायी माझ्या घरी एक अन्याय झाला आहे, आणि तो करणाऱ्यांत मी एक होतो.

माझ्या मामांची बार्शीच्या बाजारात आडत होती. तुरीचा दाणा दाताखाली धरून भाव सांगणारा माणूस. आषाढीला पायी पंढरपूर, एरवी रोज पहाटे भगवंताच्या देवळात हजेरी. शौचावाटे रक्त जाऊ लागले, तेव्हा मूळव्याध समजून बरेच महिने घरगुती औषधांत घालवले. पुढे खरे निदान झाले आणि मोठ्या शहरातील एका इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. सर्जनसाहेबांनी आत बोलावले ते आम्हा नातेवाइकांना. म्हणाले, ‘गाठ बरीच खाली आहे. ती काढून नैसर्गिक मार्ग जोडता येईल, किंवा तो बंद करून पोटावर कायमची पिशवी लावता येईल.’ आम्ही एका सुरात म्हणालो, ‘पिशवी नको!’ मामा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना विचारावे असे एकालाही सुचले नाही. सही मी केली. मी पडलो मास्तर, माझे अक्षर चांगले!

मामा वाचले. पाच वर्षे झाली, रोग परतला नाही. मार्गही राहिला, पण दिवसातून दहा-बारा वेळा धावावे लागते, आणि कधी धावण्याआधीच धोतर खराब होते. एस.टी. सुटली, कीर्तन सुटले, वारी सुटली. एकदा मला म्हणाले, ‘अरे, मला विचारलं असतंस तर मी पिशवीच मागितली असती. पिशवी लावून पंढरपूरपर्यंत चालत गेलो असतो.’

‘जीव वाचला ना? मग तक्रार कसली? शिर सलामत तो पगडी पचास!’ असे सांगणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. माझे भांडण या म्हणीशी आहे. ज्याला पगडी घालून चार माणसांत जाताच येत नाही, त्याला पन्नास पगड्या घेऊन काय करायचे?

एक काळ असा होता, की या रोगात जगणे हाच एकमेव प्रश्न होता. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली पोटाकडून आणि खालून असे दोन्हीकडून गुदाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. जीव वाचू लागले, पण पिशवी कायमची आली. १९८२ साली इंग्लंडमधीलच बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या चरबीच्या वेष्टनासकट, अखंड आणि हळुवार सोडवून काढण्याची रीत मांडली. तिने रोग त्याच जागी परतणे कमी झाले, शिवाय शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंना जपणेही सोपे झाले. हे तंतू दुखावले तर लघवीवर आणि पती-पत्नीच्या सहवासावर परिणाम होतो. म्हणजे आयुष्य आणि सुख यांचे नेहमीच वैर असते असे नाही.

पण कधी कधी तराजू धरावाच लागतो. नेदरलंड्सच्या पुढाकाराने अठराशेहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी किरणोपचार घेतलेल्यांत दोन वर्षांत रोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण २.४ टक्के, नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत ८.२ टक्के. पण तेव्हा हयात असलेले दोन्हीकडे सारखेच, ८२ टक्क्यांच्या आसपास. सुमारे पाच वर्षांनी पाहणी केली, तेव्हा शौचावरचा ताबा गेल्याची तक्रार किरणोपचार घेतलेल्यांत ६२ टक्के आणि इतरांत ३८ टक्के निघाली. आता सांगा, यातले कोणते पारडे जड? रोग त्याच जागी परतला तर यातना भयंकर, म्हणून एक जण किरणोपचार पत्करील, दुसरा नाकारील. दोघेही शहाणेच. मात्र निवड ज्याची त्याची हवी; भाच्याची नव्हे.

यावर डॉक्टर म्हणतील, ‘मास्तर, सगळे सांगितले तर रोगी पिशवीच्या धास्तीने भोंदूकडे पळेल.’ पळतात, हे खरे. गाठीने गुदद्वाराचा स्नायूच धरला असेल, तर पिशवीवाचून बहुधा गत्यंतर नसते. तेथे महिने घालवणारा माणूस जीव घालवतो. परंतु भीतीवर उपाय माहिती लपवणे हा नव्हे. आधी पिशवी लावलेला, कामधंदा करणारा माणूस रोग्याला भेटवा, म्हणजे निम्मी धास्ती तेथेच जाईल.

हे मी बार्शीतून लिहितो, याला कारण आहे. खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवणारी देशातील पहिली नोंदणी १९८७ साली याच गावात सुरू झाली. कोणाला रोग झाला आणि कोण दगावले, हे मोजायला आमच्या गावाने शिकवले. आता वाचलेला माणूस कसा जगतो, तेही मोजावे, एवढेच माझे मागणे आहे.

आणि वाचकहो, अशी वेळ कोणाच्या घरी आली, तर रोग्याला घेऊन आत जा. त्याच्या देखत विचारा: किती वर्षे मिळतील? शौचाला किती वेळा जावे लागेल? लघवीचे काय, संसाराचे काय, शेतातले काम होईल का? मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या.

परवा मामांनी स्वतःच सर्जनसाहेबांची वेळ घेतली. आता तरी पिशवी लावता येईल का, हे त्यांना विचारायचे आहे. या खेपेला सही त्यांची असेल. मी सोबत जाणार आहे. बोलावले नाही, तर बाहेरच्या बाकावर बसेन.