पुतळा फुटांत मोजू नका

१८२ मीटर. खर्च २९८९ कोटी. ३१ ऑक्टोबर २०१८ ला गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांचा जगातला सगळ्यात उंच पुतळा उभा राहिला, आणि तवापासून आपली पोरंही फूटपट्टी घेऊन हिंडायला लागली. त्यांचा एवढा, मग आपल्या बाबासाहेबांचा केवढा? मित्रांनो, मला या प्रश्नाचाच राग येतो. का येतो ते सांगतो.

केवडिया हा आदिवासींचा मुलूख. तडवींचा. १९६१ साली धरणाच्या वसाहतीसाठी केवडिया, कोठी, लिमडी, नवागाम, गोरा, वाघडिया या सहा गावांची जमीन सरकारनं घेतली. जमीन पाण्याखाली गेली नाही, म्हणून तुम्ही प्रकल्पग्रस्त नाही, असा कागदी न्याय झाला. घर न बुडता माणसं भूमिहीन झाली. धरणाच्या नावानं घेतलेल्या त्या मुलखात आज हॉटेलं आहेत, बागा आहेत, टुरिस्टांचे तंबू आहेत. पुतळा आहे त्या साधू बेटाचं जुनं नाव वराता बाबा टेकडी. आदिवासींच्या देवाची जागा. देव गेला, गावाचं नावही गेलं. पाटीवर आता एकता नगर. कुणाची कुणाशी एकता? उद्घाटनाच्या दिवशी गावागावात चूल पेटवायची नाही, अशी हाक आदिवासी पुढाऱ्यांनी दिली होती. वर विमानांच्या कसरती चालल्या होत्या.

पुतळ्याच्या छातीत गॅलरी आहे. तिकीट काढायचं, लिफ्टनं वर जायचं, धरण बघायचं. त्याच धरणानं आपल्या नंदुरबारची मणिबेलीपासूनची ३३ गावं बुडिताच्या यादीत घातली. ते काही तिकिटावर छापलेलं नाही.

आता आपल्याकडं बघा. हैदराबादला १४ एप्रिल २०२३ ला १२५ फुटी बाबासाहेब. विजयवाड्याला १९ जानेवारी २०२४ ला तेवढेच, खाली ८१ फुटांचा चौथरा. इंदू मिलच्या आराखड्यात चौथऱ्यासकट ४५० फूट. पोरं खूश. मीही तिथं हात जोडीन, खोटं कशाला बोलू? पण देणाऱ्या हाताला विचारा की राव, आमच्या पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही? २०१३ चा कायदा असून गटारात उतरलेला माणूस अजून का मरतो? तिथं यांची फूटपट्टी कुठं जाते?

आपल्या वस्तीतला पुतळा आठवा. सिमेंटचा, निळ्या कोटाचा, बोट पुढं केलेला. मोलकरणीच्या आणि बिगाऱ्याच्या वर्गणीतून आणलेला. त्याला बघायला टुरिस्ट येत नाही. पण गाव त्याला दचकतं, कारण त्याच्या पायाखालची दोन हात जागा म्हणजे आमचा हक्क. तामिळनाडूत त्याला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावं लागतं. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला त्याच्या गळ्यात चपलांचा हार सापडला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० माणसं मेली. तो पुतळा किती फुटांचा होता, हे कुणी विचारलं नाही.

आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत काय बजावलं होतं? राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. हे भाषण पाठ असलेली आपलीच मंडळी आज उंचीच्या आकड्यावर टाळ्या पिटतात. याला काय म्हणावं?

म्हणून कुणी मोठा पुतळा देऊ केला तर फूट विचारू नका. जमीन कुणाची होती, विचारा. कुणाला उठवलं, विचारा. खाली वाचनालय आहे का, वसतिगृह आहे का, विचारा. आमच्या बापाला बघायला तिकीट लावलं तर दारातच बसा.

येत्या १४ एप्रिलच्या सभेत केवडियाच्या सहा गावांच्या जमिनीसाठी ठराव आला पाहिजे. मांडतो मी. अनुमोदन द्यायला कोण उठतो, बोला.

जय भीम.