साहेबांची खुर्ची

दिवाळीत आमच्याकडे फराळाला सर्वांत आधी हजर होतो तो माझा भाचा. यंदा मात्र स्वारी चिवड्याची बशी पुढ्यात घेऊन नुसतीच बसली होती. खोदून विचारले तेव्हा कळले की, बढती मिळाली आहे आणि हाताखाली अकरा माणसे आली आहेत. कंपनीने त्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडले होते. तिथून एक जाडजूड फाइल घेऊन तो परतला होता.

"मामा, माणसं आनंदानं काम करतील असं वातावरण ठेवा, असं यात लिहिलंय. पण मी खोलीत शिरलो की सगळ्यांचं बोलणंच बंद होतं. हे वातावरण आणायचं कुठून?"

"यांना काय विचारतोस?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "यांच्या कचेरीत सगळे यांना वाघोबा म्हणत."

चाळीस वर्षांत ही बातमी मला प्रथमच कळत होती! मी घाईघाईने विषय बदलला आणि किर्लोस्करवाडीची गोष्ट काढली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. बढतीची पाळी त्यांची होती, पण ती गेली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाकडे. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कारखाना काढला. वरिष्ठाने डावलले म्हणजे कसे वाटते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि त्यात साप. १९१० साली तिथे वसाहत उभी राहू लागली.

तिथे जमलेली माणसे पाहण्यासारखी होती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. आणि दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी कामावर घेतले, ते राखणदार म्हणून! दगड फोडायला ठेवले असते तर ती दया झाली असती. लक्ष्मणरावांनी ज्या मालाची चोरी व्हायची, तोच त्यांच्या हवाली केला. (याच औंध संस्थानात पुढे आटपाडीजवळ कैद्यांची स्वतंत्रपूर वसाहत झाली. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचलेला.)

भाच्याने चकली मोडली. "मामा, ते मालक होते. मला एखाद्याला दोन दिवस जादा रजा द्यायची, तरी वर विचारावं लागतं. पगार माझ्या हातात नाही, माणसं निवडणं नाही."

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. मधल्या खुर्चीवरच्या साहेबाला शिव्या दोन्हीकडून आणि अधिकार कुठलाच नाही. पण एका गोष्टीला वरची मंजुरी लागत नाही. हाताखालचा माणूस चूक सांगायला आला, म्हणजे आपला चेहरा कसा होतो ती. हे मी कुठून शिकलो, ते मग सांगावेच लागले.

१९८४ साल. आमच्या कचेरीत व्यापाऱ्यांची खाती असत. एका तरुण कारकुनाने एक रक्कम चुकीची मांडली आणि संध्याकाळी स्वतःच येऊन तसे सांगितले. मी दहा-बारा माणसांदेखत त्याला उभे-आडवे घेतले. चौथी नापास मुलालाही कोणी असे बोलू नये. तो मान खाली घालून उभा होता. शिपाई चहा घेऊन आला होता, तोही दारातून परत गेला. आता खात्याला शिस्त लागली, अशा समाधानात मी घरी आलो.

त्यानंतर माझ्याकडे चुका येईनाशा झाल्या. मार्चअखेर एक व्यापारी तणतणत आला. त्याने भरलेली रक्कम त्याच्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर जमा झाली होती. जमाखर्चाची गंमत अशी की, रक्कम भलत्या खात्यावर पडली तरी तेरीज बिनचूक जुळते. आकडे ओरडून सांगत नाहीत, ते माणसानेच सांगावे लागते. चौकशीत कळले, तिघांना ही चूक ऑगस्टपासून ठाऊक होती. आठ महिने! साहेबांकडे जायचे कोणी, एवढाच प्रश्न होता.

मी कोणालाही मेमो दिला नाही. पुढच्या महिन्यात माझीच एक बेरीज चुकली, ती मी सर्वांसमोर सांगितली. कोणी हसले नाही. ते माझ्याकडे संशयाने पाहत राहिले. चूक घेऊन पहिला माणूस माझ्या टेबलापाशी आला, तो दिवाळीनंतर. तो तरुण कारकून मात्र आला नाही. त्याने बदली मागून घेतली होती.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. बाकावर तोच बसलेला. केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा. मला पाहताच तो धडपडत उभा राहिला.

"अहो, बसा, बसा!" मी म्हणालो.

"असू दे साहेब, ठीक आहे," तो म्हणाला आणि माझा नंबर लागेपर्यंत उभाच राहिला. खरे म्हणजे तेव्हा तरी काही बोलायला हवे होते. मी त्याला पेन्शन किती बसली, एवढेच विचारले आणि घरी आलो.