चाळीस वर्षे उशिरा आलेली ‘नवी’ काडी

दंडाच्या त्वचेखाली बसवायचे, आगपेटीच्या काडीएवढे गर्भनिरोधक इम्प्लांट सरकारी कार्यक्रमात आले, तेव्हा विज्ञानवार्तांनी त्याचे ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून स्वागत केले. यात नवे ते काय? अशा रोपणाला फिनलंडने 1983 मध्येच मान्यता दिली होती. चार दशकांनी ते बंगळुरूच्या बाळंतिणीपर्यंत येते आहे, ही खरी बातमी. आणि ती मिरवण्याजोगी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) कर्नाटकातील सुमारे 57 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. देशभरात तांबीचे प्रमाण 2.1 टक्के, पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के. याला ‘स्त्रियांची पसंती’ म्हणणारे तज्ज्ञ एकच दार उघडे ठेवतात आणि सगळ्या त्याच दाराने गेल्या म्हणून समाधान मानतात.

‘पाळी आल्यावर बघू’ हा सल्ला तर निव्वळ अशास्त्रीय आहे. पाळी परतण्यापूर्वीच बीज सुटते. अंगावर पाजण्याने मिळणारे संरक्षण फार तर सहा महिन्यांचे, तेही पाळी आलेली नसेल आणि बाळाला वरचे काहीच दिले जात नसेल तर. पीण्याच्या कपडे-कारखान्यात कामावर परतलेल्या आईला हे कसे जमावे? (चांद्रयान-3 चे नियंत्रण ज्या केंद्रातून झाले, तेही पीण्यातच आहे.)

वार पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा 48 तासांच्या आत, तांबी बसवता येते. ती वेळ टळली की ‘सहा आठवड्यांनी या’. तोवर ती बाई बाळाला घेऊन बिदरकडे माहेरी गेलेली असते.

मात्र कळा सुरू असताना कागदावर घेतलेली सही ही संमती नव्हे. विचारणा गरोदरपणीच्या तपासणीत, तिच्या भाषेत, सासूला बाहेर बसवून व्हायला हवी. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने 1986 मध्ये गर्भनिरोधक इंजेक्शनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हाही माहितीपूर्ण संमती हाच कळीचा मुद्दा होता. त्या आक्षेपाला विज्ञानविरोध ठरवणे सोयीचे होते, खरे नव्हते. तांबी आपल्या हाताने काढता येत नाही, इम्प्लांटही नाही. म्हणून किती बसवली याइतकेच, काढून मागणाऱ्या किती जणींना त्याच दिवशी काढून मिळाली, हेही मोजले पाहिजे.

मुंबईत र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले. त्यानंतर काही वर्षांतच, 1930 मध्ये, म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे काढण्याचा निर्णय घेतला. त्याच संस्थानाच्या बंगळुरूत आज बाळंतिणीला घरी सोडताना लसीकरणाचे कार्ड न विसरता दिले जाते; तिला पुढचे मूल कधी हवे, हवे की नाही, हे विचारायचे राहून जाते.