येरवड्याची कोठडी आणि ध्रुवावरील पहाट

चिंचवडगावातील चापेकर चौकातून कारखान्यांच्या पाळ्यांना जाणारी वाहने रोज धावतात आणि चापेकर बंधूंचे नाव या औद्योगिक पट्ट्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळीचे राजकीय परिणाम विद्यार्थी पाठ करतात. तिचा एक विद्याविषयक परिणाम मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या वधानंतर सरकारची वक्रदृष्टी ‘केसरी’कडे वळली. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना अटक झाली, १४ सप्टेंबरला राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. आणि १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाची कल्पना त्याच कारावासात आकाराला आली.

तो काळच ध्रुवसंशोधनाच्या ध्यासाचा होता. नॉर्वेच्या नान्सेनने ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिले आणि एप्रिल १८९५ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत मजल मारली. टिळकांच्या अटकेच्या अवघे सोळा दिवस आधी स्वीडनचा आंद्रे दोन सोबत्यांसह स्पिट्सबर्गेनहून बलूनमधून ध्रुवाकडे निघाला; तिघांचे अवशेष १९३० मध्ये एका हिमाच्छादित बेटावर सापडले. टिळक येरवड्यात होते तेव्हा ‘बेल्जिका’ हे जहाज दक्षिणेकडील बर्फात अडकून पडले होते. १८९८ च्या त्या हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य न दिसल्यामुळे त्यावरील माणसे मनाने खचून गेली. नान्सेनमागे नॉर्वेची संसद होती, आंद्रेमागे स्वीडनचा राजा आणि आल्फ्रेड नोबेल होते. टिळकांजवळ होती माक्स म्यूलरने धाडलेली ऋग्वेदाची प्रत आणि रात्री काही तास वाचण्यापुरता सरकारने मंजूर केलेला दिवा. (या सवलतीची नोंद त्यांनी प्रस्तावनेत केली आहे.)

ग्रंथाचा युक्तिवाद असा. ऋग्वेदातील पहाट इतकी लांबलेली का, उषा अनेक का, तैत्तिरीय संहितेत तीस उषाभगिनी का येतात, देवांचा एक अहोरात्र म्हणजे माणसांचे एक वर्ष का? आपल्याकडे तर उजाडता उजाडता ऊन चढते. टिळकांनी ध्रुवप्रदेशातील दिवस, रात्र व संधिप्रकाश यांची लक्षणे आधी निश्चित केली आणि मग ती ऋचांशी ताडून पाहिली. वॉरन या अमेरिकन लेखकाने १८८५ मध्ये मानवाचे मूलस्थान उत्तर ध्रुवावर मानले होते. टिळकांनी त्याचे ऋण मान्य केले, पण पुरावा वेदांतून स्वतंत्रपणे उभारला. हिमयुग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपले, हे अमेरिकन भूवैज्ञानिकांचे मत त्यांनी स्वीकारले, आणि आजच्या कालगणनेच्या ते बरेच जवळ आहे.

निष्कर्ष मात्र टिकला नाही, हे स्पष्ट म्हणावयास हवे. ध्रुवप्रदेश आजच्याहून उबदार होता तो सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी. त्यानंतर हिमयुग संपेपर्यंत, टिळकांना अभिप्रेत असलेली सुखद वस्ती नांदावी असे हवामान तेथे नव्हतेच. सायबेरियात याना नदीकाठी, ७१ अक्षांशाच्या आसपास, तीस हजार वर्षांहून जुन्या मानवी वस्तीच्या खुणा मिळाल्या, पण ती माणसे भर थंडीत गेंडे व मॅमथ यांच्या सोबतीने जगणारे शिकारी होती. आर्यभाषांच्या उगमासाठी आज बहुतेक अभ्यासक काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाकडे बोट दाखवतात. शिवाय दीर्घ उषेची वर्णने काव्याची आणि यज्ञकर्माची असू शकतात, हा आक्षेपही साधा नाही.

आपल्याकडे या ग्रंथाची दोन प्रकारे हेळसांड होते. एक वर्ग न वाचताच त्याला प्रमाण मानतो. लोकमान्यांनी सिद्ध केले, म्हणजे वाद संपला. दुसरा वर्ग, तोही न वाचताच, एका पुढाऱ्याची ती लहर समजून हसतो. वस्तुतः चुकलेला पण पुरावा उघड मांडणारा ग्रंथ विद्यार्थ्याला जितके शिकवतो तितके बिनचूक पाठ्यपुस्तक क्वचितच शिकवते. कोणते विधान निरीक्षणावर उभे आहे, कोणते अनुमान आहे, कोणते गृहीतक पुढे कोसळले, हे येथे बोट ठेवून दाखवता येते. टिळकांनी परक्या खलाशांच्या नोंदी वाचल्या आणि आपल्या श्रुतीचा अर्थ त्यांच्यासमोर तपासणीस ठेवला. त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःची लाडकी समजूत अशी उघड्यावर ठेवतील?

पुढे भारतीय स्वतःच तेथे पोहोचले. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेली डॉ. कासिम यांची मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली; वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्र आज हे काम चालवते. स्पिट्सबर्गेनवर ७९ अक्षांशाजवळ २००८ साली ‘हिमाद्री’ हे ठाणे सुरू झाले आणि डिसेंबर २०२३ पासून तेथे हिवाळ्यातही भारतीय शास्त्रज्ञ राहू लागले. सुमारे चार महिने सूर्य न उगवणाऱ्या त्या ठिकाणच्या पहाटेची भारतीय नोंद आता उपलब्ध होऊ शकते. पिंपरी-चिंचवड वा चाकणच्या एखाद्या महाविद्यालयाने ती मागवावी, ग्रंथातील उषेचे प्रकरण तिच्याशेजारी ठेवावे आणि दोन तासिका मुलांना भांडू द्यावे.