होडी बांधायला जागा आहे का?

कर्वेनगरचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. मुठेच्या पलीकडच्या काठावर हिंगणे खुर्द. एकाच नावाची दोन गावे आणि मध्ये नदी. आज या दोन हिंगण्यांच्या मध्ये राजाराम पूल आहे. कोथरूडहून सिंहगड रस्त्याला जाताना आपण त्यावरून नाकाला रुमाल लावून जातो. (निदान मी तरी लावतो.) खाली एकही होडी नाही, आणि ती नाही याची कुणाला खंतही नाही.

मला ही खंत जडली ती नरसोबाच्या वाडीला. दिवाळीच्या सुटीत आत्याबरोबर गेलो होतो. घाटाच्या पायऱ्यांशी होड्या बांधलेल्या होत्या. एका होडीचा दोर मला फारच ढिला वाटला, म्हणून शहरी शहाणपणाने मी नावाडीमामांना तसे सांगितले. मामा हसले. "पोरा, रात्रीत पाणी चढलं तर? आखूड दोराची नाव तोंड खाली घालून बुडते." पावसाळ्यात त्याच घाटावर कृष्णा मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते, आणि दक्षिणद्वाराच्या त्या पाण्यात स्नान करायला लोक गर्दी करतात. नदी वर येणार, हे तिथे गृहीतच धरलेले आहे.

आपल्या मुठेचे तसे नाही. खडकवासल्याचे धरण 1879 साली पुरे झाले. शहराची तहान भागली, पण धरणाखालची नदी जवळजवळ पावसाळ्यापुरतीच उरली. एरवी पात्रात वाहते ते बहुतांशी आपल्याच मोऱ्यांचे पाणी. पुढे 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, आणि त्या दिवसाच्या आठवणी अजून कित्येक घरांत निघतात. गटार किंवा पूर, याखेरीज पुणेकराला मुठेची तिसरी ओळख नाही. ती ओळख होडीने होते, असे माझे मत आहे. पाण्याची खोली, ओढ, वास यांची बित्तंबातमी नावाड्याला असते, कारण त्याचे पोट तिच्यावर असते. पुलावरून जाणाऱ्याला कसली बातमी?

आता नदीकाठ सुधारणेची योजना आली आहे. 6 मार्च 2022 रोजी तिची पायाभरणी झाली. मुळा, मुठा आणि मुळामुठा मिळून 44 किलोमीटर. त्यात बंधारे घालून पाणी अडवायचे आहे, म्हणजे नौकाविहारही आलाच. मग माझ्यासारख्याने आनंदाने उडी मारायला हवी. पण मित्रहो, मला उडी मारवत नाही. मैलापाणी थांबवल्याशिवाय पाणी थोपवले तर त्यावर होडीच्या आधी जलपर्णी येते. तिला नत्र-स्फुरदाचे असे आयते जेवण दुसरीकडे कुठे मिळणार? अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची मुले मुळेवर वल्ही मारतात, त्यांना हे मी सांगायला नको. शिवाय काठ दोन्ही बाजूंनी चिरेबंदी करून पात्र आवळणे म्हणजे आखूड दोराने नाव बांधणेच झाले.

"प्यायलाच पाणी पुरत नाही, नदीत कुठून सोडणार?" असे आमचे एक प्राध्यापक विचारतात. प्रश्न खरा आहे आणि माझ्याजवळ त्याचे पुरते उत्तर नाही. अर्धे उत्तर असे, की जे पाणी आपण वापरून घाण करतो, ते खरोखर शुद्ध करून इथेच, वरच्या अंगाला नदीत परत सोडले, तरी पात्र बारमाही ओले राहील. होडीला काही समुद्र लागत नाही. हातभर पाणी, उतरता मातीचा काठ आणि एक खुंटा पुरतो.

पैलतीरावर विठ्ठलवाडीचे देऊळ आहे. आषाढी एकादशीला आपल्या बाजूची माणसे पुलावरून तिथे जातात. नावेने जाता आले तर मला आवडेल, पण ते लांबचे. तूर्त भूगोलाच्या सरांना एक विनंती: येत्या सत्रापासून दर शनिवारी राजाराम पुलाखालचे पाणी आपण मोजू या. दोर आणि शिसे मी आणतो.