तीन विद्या, एक प्रश्न

महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले, की कोणती शाखा घ्यावी याची चर्चा घरोघर सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची वाट मोकळी केली आणि मुख्य विषयाच्या जोडीला अन्य विद्याशाखेतील विषय निवडण्याची मुभा विद्यार्थ्यांस मिळाली. ही मुभा स्वागतार्ह आहे. परंतु विषयांची टोपली हाती देणे म्हणजे विद्यांचा मेळ घालणे नव्हे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आदी मानव्यविद्या, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण यांचे अध्यापन एकत्र, एका प्रश्नाभोवती झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही कल्पना परदेशातून उसनी आणण्याचे कारण नाही. ऑक्सफर्डने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा संयुक्त अभ्यासक्रम १९२० साली सुरू केला, हे खरे. पण त्यापूर्वी १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन, पाश्चात्त्य सिद्धान्त देशकाल न पाहता लागू करता येत नाहीत, असे बजावले होते. त्या विधानामागे इतिहासाचा व्यासंग उभा होता. फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केलेले नामदार गोखले १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले. जनता हालअपेष्टांत असताना तिजोरीत शिल्लक पडते, ही भूषणाची गोष्ट नसून अन्याय आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. आकडे अर्थशास्त्राचे होते. अन्याय कशास म्हणावे, ही जाण निराळ्या विद्येची होती. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचणारे आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणारे डॉ. आंबेडकर हे तर याच परंपरेचे तेजस्वी उदाहरण होय.

प्रश्न विद्याशाखांच्या भिंती पाहून उद्भवत नाहीत. महाराष्ट्राची रोजगार हमी योजनाच घ्या. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगाव भागात तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम मिळणे हा उपकार की हक्क, हा प्रश्न नीतिशास्त्राचा. मजुरी किती द्यावी व पैसा कोठून आणावा, हा अर्थशास्त्राचा. त्यासाठी शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला. मजुराचा अर्ज कोणी घ्यावा, हजेरीपट कोणी तपासावा, हा धोरणाच्या अंमलबजावणीचा. यांतील एकच बाजू शिकलेल्या पदवीधरास ही योजना कितपत उमगेल? केवळ हिशेब जाणणारा तिला खर्च म्हणेल, केवळ करुणा जाणणारा तिचा हिशेब ठेवणार नाही, आणि केवळ नियम जाणणारा अर्जातील उणीव दाखवून मजुराला परत पाठवील.

अशाने सर्व विषयांचे थोडे थोडे ज्ञान होऊन एकही पक्का होणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. म्हणूनच एका विषयाचा पाया भक्कम असावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु निदान एक वर्षभर तीन विषयांच्या अध्यापकांनी एकाच वर्गात एकाच प्रश्नावर शिकवावे. विद्यार्थ्याने आपल्या नगरपालिकेचे वा महानगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचावे, महसुली व भांडवली खर्चांतील भेद ओळखावा, आणि मग ज्या वस्तीत नळ कोरडा आहे तेथे जाऊन त्या आकड्यांचा अर्थ विचारावा. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. अध्यापकांची रिकामी पदे भरणे व वेळापत्रकात त्यांना एकत्र येऊ देणे, एवढे मात्र लागते.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. असे संमिश्र शिक्षण आज भारी शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठांतून, इंग्रजीत, दिले जाते. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठीतून शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या वा गिरणी-कामगाराच्या नातवाच्या वाट्याला श्रेयांकांची बेरीज आणि सुटे सुटे विषय येणार असतील, तर धोरणे आखणारा एक वर्ग आणि ती निमूट सोसणारा दुसरा, अशी नवी वर्णव्यवस्था आपण आपल्या हातांनी उभारू. ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत मतदाराला अधिकार दिला, पण त्या अधिकाराने काय विचारावे हे शिकविले नाही, तर ते लोकशाहीस परवडणारे नाही.

विद्यापीठांची अभ्यासमंडळे, संस्थाचालक आणि सरकार यांनी हा विचार कागदावर न ठेवता येत्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यातील एका तरी सामान्य महाविद्यालयात असा वर्ग मराठीतून सुरू करावा. राज्यकारभार ज्यांच्यासाठी चालतो, त्यांच्या मुलांना तो वाचता आला पाहिजे. पदवीच्या कागदाहून ही विद्या मोलाची आहे.