प्रवासाचं मावंदं

आजी काशीला जाऊन आली तेव्हा तिच्या वळकटीत तांब्याचा एक गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. तो लगेच कुणी उघडला नाही. देवघरात ठेवून रोज त्याला हळदकुंकू आणि फूल वाहिलं. पुढे मावंद्याच्या दिवशी त्याचं तोंड फोडलं आणि वाड्यातल्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या तळहातावर पळीपळीने गंगा पडली. मग पंगती बसल्या. ज्यांना काशी कधीच घडणार नव्हती, त्या बायका ते पाणी डोळ्यांना लावत होत्या. मावंदं घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आजी म्हणायची.

प्रवासावर लिहायला लागून मला बरीच वर्षं झाली. किती देश झाले, असं लोक विचारतात. दर वेळी मला तो गडू आठवतो आणि वाटतं, किती पाहिलं यापेक्षा तिथून घरी काय आणलं, हे विचारायला हवं.

या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत धीट उत्तर अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, एडमंड्स नावाच्या लहानशा गावी आहे. खाडीकाठचं टुमदार गाव. पलीकडच्या किंग्स्टनला जाणारी फेरी इथून सुटते. इथेच रिक स्टीव्ह्ज राहतो, इथेच त्याचं कार्यालय आहे. युरोपला निघालेल्या अमेरिकनाच्या पिशवीत ज्याचं मार्गदर्शक पुस्तक सापडतं, तो हा माणूस. १९७८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पियानोच्या शिकवण्या करणारा हा तरुण एका मित्राबरोबर इस्तंबूलहून निघाला आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत असं करत काठमांडूला पोहोचला. वाटेत अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये त्याने पहिल्यांदा गांजा ओढला. ते त्याने लपवून ठेवलं नाही. पुढच्याच वर्षी इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला.

पुढे त्याचं जवळजवळ एक तृतीयांश आयुष्य युरोपच्या वाटांवर गेलं. तिथे त्याला दिसलं, की त्याच्या देशात ज्या गोष्टीसाठी माणूस तुरुंगात जातो, ती इथे आरोग्य खात्याची बाब आहे. नेदरलँड्सने १९७६ मध्येच अफूविषयक कायदा बदलून गांजा-चरस घातक नशेपासून वेगळे काढले. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरती नशा जवळ बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी समुपदेशकांच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली.

अ‍ॅमस्टरडॅमच्या एका 'कॉफीशॉप'मध्ये मी अर्धा तास बसले होते, कॉफी घेऊन. गल्ल्यावरचा मुलगा आधी वय तपासत होता. अठराच्या आतल्याला उंबरा ओलांडता येत नाही. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या वर द्यायचं नाही, दुकानात पाचशे ग्रॅमच्या वर साठा नाही, जाहिरात नाही, दंगा नाही. सगळं शिस्तीत. पण या व्यवस्थेची एक दुखरी जागा तिथला कुणीही सांगतो. पुढच्या दाराने विकायला मुभा, पण मागच्या दाराने येणारा माल पिकवणं आणि पुरवणं गुन्हाच. म्हणजे दुकानदाराने सरकारला कर भरायचा आणि माल मात्र गुन्हेगाराकडून घ्यायचा. ही गाठ सोडवण्यासाठी २०२३ च्या शेवटी ब्रेडा आणि टिलबर्ग या शहरांत परवानाधारक शेतीचा प्रयोग सुरू झाला.

हे सगळं पाहून घरी परतणारे लाखो असतात. चार फोटो, दोन किस्से, आणि विषय संपतो. स्टीव्ह्जने ते गावापुढे मांडलं. २००९ मध्ये त्याचं 'ट्रॅव्हल अ‍ॅज अ पोलिटिकल अ‍ॅक्ट' हे पुस्तक आलं. प्रवास माणसाला अधिक चांगला नागरिक करू शकतो, हा त्याचा गाभा. आणि २०१२ मध्ये त्याच्या वॉशिंग्टन राज्यात गांजाबंदी उठवण्याचा 'आय-५०२' हा नागरिकांचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याच्या पुरस्कर्त्यांत हा प्रवासलेखक होता. बरोबर एक माजी सरकारी वकील आणि सिअ‍ॅटल शहराचे विधी अधिकारीही. अशा प्रस्तावाला तेव्हा २ लाख ४१ हजारांहून अधिक मतदारांच्या वैध सह्या लागत होत्या. त्या मिळाल्या. स्टीव्ह्जने स्वतःचे पैसे घातले आणि गावोगावच्या सभागृहांत भाषणं केली. गांजा चांगला आहे असं तो सांगत नव्हता. बंदीने होणारं नुकसान गांजाने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठं आहे, हे तो सांगत होता. त्या एका वर्षात अमेरिकेत गांजापायी साडेसात लाखांच्या आसपास अटका झाल्या होत्या. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असताना बेड्या मात्र काळ्यांच्या हातांत कितीतरी जास्त पडत होत्या.

६ नोव्हेंबर २०१२ ला प्रस्ताव जवळपास ५६ टक्के मतांनी मंजूर झाला. त्याच दिवशी कोलोरॅडोनेही तसाच कौल दिला. मला महत्त्वाचा वाटतो तो या कायद्याचा घाट. पिकवणारा, प्रक्रिया करणारा आणि विकणारा, तिघांनाही परवाना. म्हणजे डच दुकानांचं ते मागचं दार इथे पहिल्यापासूनच कायद्याच्या आत घेतलं. एकविसाच्या आतल्याला बंदी, एका वेळी एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची मर्यादा, नशेत गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या प्रमाणाची स्पष्ट रेषा, आणि कराच्या पैशातून आरोग्यसेवा, व्यसनप्रतिबंध, संशोधन यांना वाटा.

स्टीव्ह्ज एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. धंदा माझा स्वतःचा आहे, मला नोकरीवरून काढणारा कुणी नाही, म्हणून मी बोलतो. ज्यांना पटतं पण बोलता येत नाही, असे पुष्कळ आहेत.

त्यातली एक मला वॉशिंग्टन राज्यातच भेटली. माझी भाची रेडमंडला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. एका संध्याकाळी आम्ही बाजाराच्या रस्त्याने चाललो होतो. एका दुकानाच्या दारात रखवालदार ओळखपत्रं बघत होता, आत स्वच्छ काचेच्या पेट्या दिसत होत्या. मी पाहायला म्हणून वळले, तशी तिने माझं मनगट धरलं. "मावशी, नको. आम्ही या फुटपाथवरही थांबत नाही."

मग चालता चालता तिने समजावलं. राज्याचा कायदा काहीही म्हणो, देशाच्या कायद्यात ही बंदी आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं देशाच्या हातात. 'कधी गांजा घेतलात का' या प्रश्नाला होय म्हटलं, तरी परत येण्याचं दार बंद होऊ शकतं. २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने लेखी मार्गदर्शनच काढलं, की राज्यात परवाना असलेल्या अशा दुकानात नुसती नोकरी केली असली, तरी ती नागरिकत्वाच्या अर्जातल्या 'सच्चारित्र्या'च्या आड येऊ शकते. त्याच दुकानात तिच्या शेजारचा नागरिक पाव आणायला जावं तसा जातो.

"बोलावंसं मला वाटतं ना," ती म्हणाली, "पण मी यावर कुठे एक ओळ लिहीत नाही."

परत आल्यावर हे मनातून जाईना, कारण आपल्याकडेही असाच एक फुटपाथ आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा मुलगा गांजाच्या एका पुडीसह पकडला गेला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. तीन आठवडे तो आत होता, हॉटेलातलं काम गेलं. आमच्या मागच्या टेकडीवर संध्याकाळी बंगल्यांतली मुलं तेच ओढत बसतात. त्यांच्या आयांना जामीनदार शोधावा लागलेला नाही.

आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्याच झाडाची पानं बाहेर ठेवली. म्हणून महाशिवरात्रीची भांग त्याच्या कक्षेत येत नाही. पण त्याचा तुरा म्हणजे गांजा. तो एक किलोपर्यंत जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, ओढला तर सहा महिन्यांपर्यंत. आणि ज्या भूमीवर हा कायदा झाला, तिने या प्रश्नाचा जगातला सर्वांत सविस्तर म्हणावा असा तपास आधीच करून ठेवला होता. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले. सात खंडांच्या त्या अहवालाचा निष्कर्ष होता, की बेताच्या सेवनाने बहुतेकांना मोठा अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि संपूर्ण बंदीची गरज नाही. परवाना आणि कर यांनी आळा घालावा. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढायचं मतदान झालं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. ठराव २७ विरुद्ध २५ असा जेमतेम मंजूर झाला. तिथे आपण जे मान्य केलं, ते घरी बोलायला आपण कचरतो.

वॉशिंग्टनचा कायदा जसाच्या तसा इथे आणावा, असं मी म्हणत नाही. तिथल्याइतकी आरोग्ययंत्रणा आपल्याकडे नाही, आणि कोवळ्या वयातल्या मेंदूला गांजा घातक आहे याबद्दल मला शंका नाही. माझं मागणं लहान आहे. पुडीसह सापडलेल्या पोराला आधी डॉक्टर दिसावा, कोठडी नव्हे. पुरवठा करणाऱ्या टोळीला आणि त्या पोराला एका मापाने मोजू नये.

विमानतळावर निरोप देताना भाचीने विचारलं, यावर लिहिणार आहेस का. मी हो म्हटलं. "लिही," ती म्हणाली, "फक्त माझं नाव नको." ते मी घातलेलं नाही. स्वयंपाकाच्या ताईंच्या मुलाचंही नाही. दोघांनाही बोलायची चोरी आहे. मला नाही, म्हणून हा गडू आज मी तुमच्यापुढे फोडला.